पडद्यावरचे अश्रू आणि आपली करुणा

(मंडळाच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी काही वक्ता नाही. दिवसभर बँकेच्या काउंटरवर बसून स्लिपा आणि पासबुके हाताळणारी एक कर्मचारी आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी म्हटले, “माणसांना रडवणारे सिनेमे आणि गोष्टी.” त्यावर एक दादा हसून म्हणाले, “ताई, वर्षावासात सिनेमा?” मी म्हटले, “सिनेमा निमित्त आहे. बोलायचे आहे ते डोळ्यांतल्या पाण्याबद्दल.” दुःख हा तर आपल्या धम्माच्या विचाराचा आरंभबिंदू आहे. मग दुसऱ्याचे दुःख पाहून आपल्या डोळ्यांत पाणी का येते आणि ते आल्यावर पुढे काय होते, हा प्रश्न विहारात विचारायचा नाही तर कोठे विचारायचा?

बी.ए.ला असताना आम्हाला साहित्यशास्त्र होते. भरतमुनींनी करुण रस सांगितला, त्याचा स्थायी भाव शोक. अश्रूंची गणना त्यांनी आठ सात्त्विक भावांत केली आहे. तिकडे ग्रीस देशात ॲरिस्टॉटलने सांगितले की शोकांतिका पाहताना प्रेक्षकाच्या मनात करुणा आणि भीती जागी होते व त्यांचे विरेचन होते. म्हणजे जुलाब झाल्यावर जसे पोट हलके होते तसे मन हलके होते. परीक्षेत या उत्तराला चांगले गुण मिळत. परंतु माझ्या मनात तेव्हापासून एक शंका राहिली. मन हलके झाले हे ठीक, पण ज्याच्या दुःखाने ते हलके झाले त्याचे काय? त्याच्या डोक्यावरचे ओझे तसूभर तरी हलके झाले का?

या शंकेचा विचार करताना प्रथम अश्रूंची बाजू घेऊन बोलते, कारण रडण्याची टिंगल करण्याची आपल्याकडे फार सवय आहे. विशेषतः बायका रडल्या की “बायकांचे डोळे म्हणजे नळाची तोटी” असे म्हणून पुरुषमंडळी मोकळी होतात.

1991 साली विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ हा चित्रपट आला. अलका कुबल यांनी त्यात सोशिक लेकीची, सुनेची भूमिका केली. त्या वेळी मी शाळेत होते. आमच्या गल्लीतल्या बायका ठरवून, डबे बांधून, पोरेबाळे घेऊन तालुक्याच्या थिएटरात गेल्या, त्यांत मी आईबरोबर होते. चित्रपट अर्ध्यावर आला तसे थिएटरभर नाक ओढण्याचे आवाज सुरू झाले. माझ्या शेजारच्या काकू पदर तोंडात धरून रडत होत्या. त्यांच्या घरी सासू होती, दीर होते, सहा माणसांचा स्वयंपाक होता. घरी डोळ्यांत पाणी आले तर “काय झाले ग रडायला, कोण मेले?” असे विचारले जाई. इथे अंधारात त्यांना कोणी विचारणार नव्हते. आज कळते की त्या पडद्यावरच्या लक्ष्मीसाठी रडत होत्या आणि स्वतःसाठीही रडत होत्या. तिकिटाच्या पैशात त्यांना तीन तास रडण्याची परवानगी मिळाली होती.

शहाण्या टीकाकारांनी अशा चित्रपटांना रडका, भडक म्हणून नावे ठेवली. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सारे सोसणारी सून म्हणजे चांगली सून, असा धडा त्यातून मिळतो तो घातकच आहे. पण त्या बायकांचे अश्रू खोटे नव्हते. ज्या समाजात बाईला रडायला स्वतःची जागा नाही, त्या समाजात ती थिएटरात जाऊन रडते. दोष द्यायचा तर त्या समाजाला द्यावा, तिच्या पदराला देऊ नये. मात्र परतताना टेम्पोत एकही बाई दुसरीला म्हणाली नाही की “तुझ्या घरीही असेच आहे का?” पदर पुसून प्रत्येकजण आपापल्या चुलीकडे गेली. अश्रू एकत्र आले होते, माणसे एकत्र आली नव्हती. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

मराठी माणसाला सर्वांत जास्त रडवणारी गोष्ट कोणती, असे विचारले तर बहुतेक लोक ‘श्यामची आई’ हेच नाव घेतील. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्र्यांनी 1953 साली त्यावर चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या, माधव वझे श्याम झाले, आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने पटकावले. तीन-चार पिढ्या या आईसाठी रडल्या आहेत. आपल्या वस्तीतली मुलेही शाळेत हा धडा वाचून रडली आहेत.

त्या पुस्तकात आपल्या संबंधाचा एक प्रसंग आहे. एक वृद्ध महार बाई लाकडांची मोळी वाहून थकलेली असते. मोळी खाली पडते, ती उचलून द्यायला कोणी पुढे येत नाही. श्यामची आई श्यामला सांगते की जा, तिला मोळी उचलून दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. लहानपणी हा प्रसंग वाचताना मोळी उचलणाऱ्या श्यामचे कौतुक वाटते. मोठेपणी वाचताना डोळा त्या अंघोळीवर अडतो. त्या माउलीची दया खरी होती, त्या काळात तिने गावाच्या नजरेची पर्वा केली नाही हेही मोठेच. पण दया आणि अंघोळ एकाच वाक्यात नांदत होती. हृदय पाझरले तरी विटाळ धुवायचाच होता.

येथे साने गुरुजींवर अन्याय होता कामा नये म्हणून पुढचेही सांगितले पाहिजे. गुरुजी हळवे होते, लोक त्यांना रडके म्हणत. परंतु हाच हळवा माणूस पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर फिरला आणि 1947 सालच्या मे महिन्यात पंढरपुरात प्राणांतिक उपोषणाला बसला. मंदिर खुले करण्याचा निर्णय झाल्यावरच उपोषण सुटले. मंदिरप्रवेशाच्या मार्गाबद्दल आपले मत निराळे असू शकते. बाबासाहेबांनी आपल्याला दाखवलेला मार्ग निराळाच होता. पण डोळ्यांतले पाणी पायांत उतरवणारा लेखक म्हणून गुरुजींकडे पाहावे लागते. वाचकांनी मात्र बहुधा त्यांचे पुस्तकच घेतले, उपोषण घेतले नाही.

आता हिंदीकडे वळू. 1959 साली बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. सुजाता हे नाव आपल्याला परिचयाचे आहे. सिद्धार्थाला खीर देणाऱ्या त्या कन्येचे हे नाव. चित्रपटातली सुजाता ही एक अस्पृश्य घरातली अनाथ मुलगी. एका सवर्ण इंजिनिअरच्या घरी ती वाढते. नूतनने ही भूमिका अशी केली आहे की न बोलता सगळे कळते. त्या घरची बाई, म्हणजे आपल्या मराठी सुलोचनाबाई, तिला प्रेमाने वागवतात. पण पाहुण्यांना ओळख करून देताना ही आमची मुलगी असे म्हणत नाहीत, मुलीसारखी असे म्हणतात. सगळा चित्रपट त्या ‘सारखी’ या एका शब्दावर उभा आहे. घास तोच, छप्पर तेच, लुगडे तेच, पण ‘सारखी’. याच चित्रपटात चंडालिकेचे नाटक दाखवले आहे. तहानलेल्या आनंदाने चांडाळ कन्येच्या हातून पाणी मागून घेतले, ती ही कथा. बिमल रॉय यांना नेमके काय म्हणायचे होते हे त्यावरून कळते.

शेवटी त्या आईला अपघात होतो, रक्त द्यावे लागते, आणि घरात कोणाचेच रक्त जुळत नाही. जुळते ते सुजाताचे. शुद्धीवर आल्यावर आई तिला मुलगी म्हणून जवळ घेते. ‘सारखी’ गळून पडते. त्या क्षणाला थिएटरात कोणाचे डोळे कोरडे राहत नाहीत, माझेही राहिले नाहीत. एक गोष्ट तुमच्याही अनुभवाची असेल. सुजाताचा अपमान होत असतो तेव्हा आपण दात-ओठ आवळून पाहतो. रडू फुटते ते तिला जवळ घेतात तेव्हा. माणूस दुःखापेक्षा दुःख सरताना जास्त रडतो. रडवण्याची कला जाणणारे दिग्दर्शक म्हणूनच मायेचा हात फार उशिरा पुढे करतात.

परंतु डोळे पुसून झाल्यावर विचार केला पाहिजे. ‘सारखी’ हा शब्द काढून टाकण्याची किंमत काय पडली? रक्ताची बाटली. सुजाता गोड होती, सोशिक होती, घरकाम करत होती, कोणाला उलटून बोलत नव्हती, आणि वर रक्तही दिले, तेव्हा कुठे ती मुलगी झाली. समजा तिचे रक्त जुळले नसते तर? समजा ती फटकळ असती, रागीट असती, सामान्य असती, तर तिला माणूस म्हणून जगण्याचा हक्क नव्हता काय? बिमल रॉय यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, त्या काळात असा विषय घेणे हे धाडसच होते. परंतु प्रेक्षकांच्या अश्रूंना एक अट होती. दलित व्यक्ती देवतुल्य असेल तरच आम्ही तिच्यासाठी रडू, ही ती अट.

ही अट केवळ आपल्या देशातली नाही. अमेरिकेत 1852 साली हॅरिएट बीचर स्टो या बाईंची ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली. पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. टॉम नावाच्या निग्रो गुलामाला चाबकाने मारून मारून ठार करतात आणि तो मारणाऱ्यांना क्षमा करून मरतो. लाखो गोऱ्या वाचकांनी त्याच्यासाठी अश्रू ढाळले, आणि गुलामगिरीविरुद्ध लोकमत तयार होण्यास त्या पुस्तकाने फार मोठा हातभार लावला, हे मान्य केलेच पाहिजे. गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांविषयीचा आदर म्हणून महात्मा फुल्यांनी 1873 साली आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांना अर्पण केले. म्हणजे अश्रू वाया जातातच असे नाही. परंतु पुढे त्याच कृष्णवर्णीय समाजात ‘अंकल टॉम’ ही एक शिवी झाली. मालकापुढे मान तुकवणारा, मार खाऊन आशीर्वाद देणारा, तो अंकल टॉम. 1949 साली जेम्स बाल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाने या कादंबरीवर कठोर लेख लिहिला आणि असल्या ओल्या डोळ्यांमागे काळजाचा कोरडेपणा लपलेला असतो असा आक्षेप घेतला. ज्यांच्यासाठी जग रडले, त्यांच्याच लेकरांनी सांगितले की आम्हाला तुमचे रडणे नको, आम्हाला आमचे माणूसपण हवे.

मग दुसऱ्या तऱ्हेच्या कथा असतात. त्या आपल्याला रडू देत नाहीत, किंवा रडलो तरी सुटू देत नाहीत.

सत्यजित राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या ‘सद्गती’ या कथेवर त्याच नावाचा चित्रपट केला. तो एक तासाचाही नाही. ओम पुरी झालेला दुखी चांभार मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढून घ्यायला पंडिताच्या दारी जातो. पंडित त्याला अंगणात लाकडाचा ओंडका फोडायला लावतो. उपाशीपोटी ओंडका फोडता फोडता दुखी तेथेच मरतो. मग प्रश्न उभा राहतो तो प्रेताचा. शिवायचे कसे? शेवटी पंडित पायाला दोरीचा फास अडकवून ते प्रेत ओढत नेतो. पंडित कोणी राक्षस दाखवलेला नाही. जेवणारा, झोपणारा, आपल्यासारखाच एक गृहस्थ आहे. येथे रडायला सोयीचा क्षण दिग्दर्शकाने ठेवलेलाच नाही. मायेचा हात पुढे येत नाही. त्यामुळे मन हलके होत नाही, ते जड होऊन घरी येते.

नागराज मंजुळे यांचा 2013 सालचा ‘फँड्री’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. कैकाडी घरातला जब्या शाळेतल्या शालूवर जीव लावून बसला आहे, आणि त्याला सगळ्या गावासमोर, तिच्यासमोर, डुक्कर पकडावे लागते. गाव हसते. थिएटरातही काही ठिकाणी लोक हसले, आणि मग आपण कोणाबरोबर हसलो हे ध्यानात येऊन गप्प झाले. मारलेले डुक्कर बांधून बापलेक चालले आहेत आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, जोतिबा, सावित्रीमाई, गाडगेबाबा यांची चित्रे आहेत. शेवटी जब्या दगड फेकतो तो सरळ आपल्या तोंडावर येतो. सुजाताने रक्त दिले तेव्हा आपण रडलो. जब्याने दगड मारला तेव्हा आपण दचकलो. 1959 ते 2013 या काळात झालेला बदल एवढ्यात आला. पहिल्या कथेत आपल्याकडे दया मागितली होती, दुसऱ्या कथेत जाब विचारला आहे.

बंधू-भगिनींनो, परमपूज्य बाबासाहेबांनीही एक असे लिखाण केले आहे की जे वाचून गळा दाटून येतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ही त्यांची छोटी आत्मकथनपर पुस्तिका, 1990 साली ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध झाली. 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही, पारशी धर्मशाळेत ते नाव बदलून राहिले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. तो प्रसंग अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी आल्याशिवाय आठवत नाही, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे. एवढा पोलादी पुरुष आपले अश्रू लपवत नाही.

पण त्याच पुस्तिकेतला शेवटाकडचा एक मजकूर मला त्याहून मोठा वाटतो. तो बाबासाहेबांचा स्वतःचा अनुभव नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र 1929 सालच्या डिसेंबर महिन्यात ‘यंग इंडिया’त आले होते, ते त्यांनी उद्धृत केले आहे. शिक्षकाची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. मोठ्या विनवण्यांनंतर आला तो वस्तीबाहेर. बाळंतिणीला तिच्या तान्ह्या बाळासह वस्तीबाहेर आणावे लागले. ताप पाहायचा तर थर्मामीटर डॉक्टरने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते शिक्षकाला दिले, शिक्षकाने बायकोला लावले, आणि त्याच वाटेने ते परत डॉक्टरकडे गेले. डॉक्टरने तिला हात लावला नाही. ती बाई दगावली.

या मजकुरात पार्श्वसंगीत नाही, विशेषणे नाहीत, आक्रोश नाही. बाई गुणी होती की नव्हती, गोड बोलत होती की नव्हती, हे आपल्याला ठाऊकसुद्धा होत नाही. फक्त एक थर्मामीटर चार हातांतून जाते आणि परत येते. तरीही हे वाचताना डोळे भरून येतात. आणि गंमत पाहा, हे अश्रू पुसून आपल्याला झोपता येत नाही. कारण ती बाई नशिबाने मेली असे कोठेही म्हटलेले नाही. ती का मेली ते आपल्याला कळलेले असते.

माझ्या अल्पमतीप्रमाणे फरक इथेच आहे. काही कथा आपल्याला दुःख दाखवतात आणि त्याचे खापर नशिबावर फोडतात. अशा कथेपुढे रडले की काम संपते. काही कथा दुःख दाखवतात आणि त्याचे कारण दाखवतात. अशा कथेपुढे रडले की काम सुरू होते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, ते कारण दूर करता येते, हे ज्यांच्या आचार्यांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितले, त्या आपल्या लोकांना हा फरक मी अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

तथागतांनी स्वतः लोकांच्या अश्रूंशी कसा व्यवहार केला हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. कुशिनारा येथे महापरिनिर्वाणाची वेळ जवळ आली तेव्हा आनंद विहारात जाऊन, दाराच्या चौकटीला टेकून रडत उभा राहिला. भगवंतांनी त्याची चौकशी केली, त्याला बोलावून घेतले. तू भिक्खू असून रडतोस, असे म्हणून त्याला लाज आणली नाही. जे जन्मले ते जाणार, हे त्याला समजावले आणि इतकी वर्षे त्याने केलेल्या प्रेमळ सेवेची सर्वांसमोर प्रशंसा केली. स्वतःच्या अंतकाळी दुसऱ्याचे रडणे ज्यांच्या ध्यानात राहते, ते महाकारुणिक.

आणि किसा गोतमीची कथा तर आपल्या घरोघरी ठाऊक आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत ती श्रावस्तीत फिरली. भगवंतांनी तिला मोहरी आणायला सांगितली, अट अशी की ज्या घरात कोणी मेलेले नाही अशा घरातली हवी. मोहरी प्रत्येक घरात होती, तसे घर मात्र एकही नव्हते. या कथेचे सार आपण नेहमी असे सांगतो की मृत्यू कोणालाही चुकलेला नाही. ते खरेच आहे. पण मला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. भगवंतांना हा उपदेश तिला एका जागी बसवून दोन वाक्यांत करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी तिला उठवले, चालायला लावले, दारोदार पाठवले. प्रत्येक दारात तिला विचारावे लागले की तुमच्याकडे कोण गेले? कोणी म्हणाले असेल मुलगा, कोणी म्हणाले असेल आई. सकाळी जी बाई स्वतःच्या दुःखात एकटी होती, ती संध्याकाळपर्यंत सगळ्या नगराचे दुःख ऐकून आली होती.

टेम्पोतल्या त्या बायकांबद्दल मी मघाशी बोलले, त्यांच्यात जे झाले नाही ते हेच. रडणे झाले, विचारणे झाले नाही. तुझ्या घरी काय आहे, हा प्रश्न म्हणजे मोहरीचा दाणा आहे. तो विचारला की अश्रूंची करुणा होते.

आता थोडे माझ्या कामाच्या जागेविषयी. बँकेच्या काउंटरवर कोणी रडत नाही. तेथे मी नवरा गेलेल्या बायका पाहते. हातात मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, चुरगळलेले पासबुक. मागे रांग असते, आणि रांगेतले लोक म्हणतात, “मॅडम, आवरा लवकर, आम्हालाही कामे आहेत.” हीच माणसे घरी टी.व्ही.वर विधवेचा प्रसंग लागला की आवंढा गिळतात, हे मी खात्रीने सांगते. ती काही दुष्ट नाहीत. पडद्यावर कॅमेरा बाईच्या चेहऱ्याजवळ जातो, सनई थांबते, बासरी वाजते, आणि आता इथे रडायचे आहे हे आपल्याला कळते. काउंटरवर बासरी वाजत नाही. खऱ्या दुःखाला पार्श्वसंगीत नसते, म्हणून ते आपल्याला ओळखू येत नाही.

एकदा अशीच एक बाई खात्यातली शिल्लक काढायला आली. नवरा हमाली करायचा, वय चाळीसच्या आत. शिल्लक थोडीच होती. पासबुक छापताना मला मे महिन्याच्या अखेरची 436 रुपयांची कपात दिसली. ही प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची वर्षाची रक्कम. 2015 साली ही योजना सुरू झाली, आणि विमा चालू असताना खातेदार वारला तर वारसाला दोन लाख रुपये मिळतात. त्या बाईला ती कपात कशाची हे ठाऊक नव्हते. नवऱ्याने कधी फॉर्म भरला हेही ठाऊक नव्हते. मी तिला बाजूला बसवले, दाव्याचा फॉर्म दिला, कोणकोणते कागद लागतात ते लिहून दिले. तिने दोनदा विचारले, “ताई, हे पैसे खरंच आमचे आहेत का?” काही आठवड्यांनी रक्कम जमा झाली. यात माझा मोठेपणा काही नाही, ते माझे कामच आहे. पण मला राहून राहून वाटते, अशा किती बाया 436 रुपयांची ती ओळ न वाचताच पासबुक पेटीत ठेवून देत असतील? त्यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळण्याची गरज नाही. कोणीतरी त्यांचे पासबुक वाचण्याची गरज आहे.

म्हणून मंडळापुढे मी नम्रपणे दोन सूचना ठेवते.

पहिली अशी की आपल्या विहारात जयंतीच्या निमित्ताने चित्रपट दाखवले जातात. ते जरूर दाखवावेत, मुलांनाही दाखवावेत. पण चित्रपट संपल्याबरोबर दिवे लावून खिचडीच्या रांगेकडे धावू नये. अर्धा तास बसावे आणि मुलांना तीन प्रश्न विचारावेत. तुम्ही कोणासाठी रडलात? त्या माणसाचे दुःख कशामुळे होते? आणि असे दुःख आपल्या वस्तीत कोणाच्या घरी आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुले फार अचूक देतात, कारण ती दिवसभर घरोघर हिंडत असतात.

दुसरी सूचना अशी की महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेबल मांडावे. ज्यांना पासबुक वाचता येत नाही, पेन्शनचा फॉर्म भरता येत नाही, खात्याला वारस लावलेला नाही, त्यांनी तेथे यावे. मी स्वतः बसेन. बँकेत, पोस्टात, शाळेत नोकरी करणाऱ्या आपल्या आणखी चार-पाच जणांनी आळीपाळीने बसावे. आणि जे येणार नाहीत त्यांच्या दारी आपण जावे. बाबासाहेबांच्या पुण्याईने आपल्याला चार अक्षरे आली, नोकऱ्या लागल्या. ती अक्षरे ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाहीत अशा घरांत ती नेऊन पोहोचवणे हे आपले देणे आहे.

सिनेमा पाहू नका, रडू नका, असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याला दुसऱ्याच्या दुःखाने रडू येत नाही त्याच्याकडून मला काहीच आशा नाही. रडा, मनमोकळे रडा, पुरुषांनीही रडावे. फक्त घरी जाताना वाटेत कोणाचे तरी दार वाजवा आणि विचारा, “कसे काय चालले आहे?” आणि उत्तर ऐकून होईपर्यंत तेथून हलू नका.

 

नमो बुद्धाय! जयभीम!